चौदाव्या फ्रेटवरचा कंप

“याला वेगळी खूण हवी, ताई. सरांच्या नावाची,” पट्टशिष्य म्हणाला आणि त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या चौदाच्या आकड्यावर बोट टेकवलं. बोटाला पट्टी बांधलेली होती.

सरांच्या मुलीने ते बोट पेनाने बाजूला सारलं. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. ते आजारी असताना हा माणूस दौऱ्यावर होता. आता एकदम वारसदार होऊन आला होता, कपाटात सापडलेल्या जुन्या कॅसेटवरच्या बाबांच्या गिटारवादनाचं पुस्तक काढायला. गिटारच्या सहा तारांच्या सहा रेषा आणि कुठल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या कितव्या घरात, बोट दाबायचं ते सांगणारे आकडे. असली पानं सॉफ्टवेअरमध्ये बसवणं हे तिचं रोजचं काम, म्हणून हेही तिच्याच गळ्यात पडलं. पानं संध्याकाळी छपाईला जायची होती.

सगळं एका जागेवर अडलं होतं. सर्वांत जाड तार दुसऱ्या फ्रेटवर दाबलेली आणि त्याच क्षणी सर्वांत बारीक तार चौदाव्यावर. मध्ये जवळजवळ फूटभर अंतर. सॉफ्टवेअरने दोन्ही आकडे निमूट घेतले. त्याला हात नसतात.

“दोन महिने घासतोय, पंजा पोचत नाही,” शिष्य म्हणाला. “म्हणूनच सर हे स्टेजवर कधी वाजवायचे नाहीत. तंत्र चोरीला गेलं असतं! आणि वरच्या सुराचा तो कंप ऐका. असा कंप जगात कुणाला जमलेला नाही.”

तिने चौदाच्या डोक्यावर कंपाची नागमोडी रेघ काढली. खुणांच्या तक्त्यात आता एकच ओळ उरली होती. वर लिहून झालं होतं: स्लाइड, बोट न उचलता घसरवणे. बेंड, तार ढकलून सूर चढवणे. शेवटच्या ओळीचा मजकूर शिष्याने घरून आणला होता: ‘गुरुस्पर्श, दीर्घ साधनेने लाभणारा पंजाचा दैवी ताण.’

“आणि चिन्ह काय काढू? पसरलेला खेकडा?”

“चेष्टा नको ना, ताई.”

तिने ती ओळ टाइप केली. हे असंच छापून गेलं, तर उद्या कुणीतरी पुस्तक उघडून स्वतःचा हात मोडून घेणार आणि वर बाबांना भोंदू म्हणणार. पण खरं काय, ते तिलाही उलगडत नव्हतं. ती ताल धरून तीच जागा पुन्हा पुन्हा ऐकत राहिली.

शेजारच्या खोलीत आई बाबांचे शर्ट देऊन टाकण्यासाठी घड्या घालत होती. दोन महिन्यांत तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. गिटारला ती ‘ते खोकं’ म्हणायची. कार्यक्रमाला पहिल्या रांगेत खुर्ची राखलेली असायची, आणि ही घरी. मुलीने तिला त्याबद्दल कधीच माफ केलं नव्हतं.

एक शर्ट हातात घेऊन आई दारात आली. “बंद करा आता. किती वेळा तेच ते.”

“काकू, तुम्हाला नाही कळायचं ते,” शिष्य समजुतीने म्हणाला. “सरांचा डावा हात म्हणजे...”

“डावा हात!” आई हसली. “अहो, ह्यांची करंगळी सहाव्यापर्यंत पोचायची नाही धड. चौदाव्यावर माझं बोट आहे.”

मुलीने आवाज बंद केला.

“लग्नाच्या पहिल्या वर्षी,” आई म्हणाली. “टेप लावायचा, मला शेजारी बसवायचं. ह्यांनी मान हलवली की मी दाबायचं.”

“पण काकू... तो कंप?”

“कसला कंप? तार रुतायची, बोट थरथरायचं माझं. तुमच्यासारखे घट्टे होते का मला?”

“आई, हे कधी बोलली नाहीस.”

“कुणी विचारलं? स्टेजवर बायकोला चिकटून बसलो तर लोक हसतील, म्हणाले. मग मीही पुन्हा बोट लावलं नाही त्या खोक्याला.”

“हे छापता नाही येणार,” शिष्य पुटपुटला.

मुलीने ‘गुरुस्पर्श’पासून ‘ताण’पर्यंत सगळं पुसलं. ओळ रिकामी झाली. “काय लिहू, आई?”

आई पडद्यावरच्या नागमोडी रेघेकडे बघत राहिली.

“लिही, दोघं लागतात. आणि कितीही दुखलं, तरी हे ‘झालं’ म्हणेपर्यंत बोट उचलायचं नाही.”