फिरदौसचा चाळिसावा

क्लावाने फोटोपुढे व्होडकाचा पेला ठेवला आणि त्यावर काळ्या पावाचा तुकडा झाकला. फोटो फिरदौसचा होता. तिला जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते.

तिचा नवरा येफिम टेबलाच्या टोकाला बसला होता. क्लावा त्याची थोरली बहीण. तीन दिवसांपूर्वी ती शहरातून पुन्हा आली आणि तिने घर ताब्यात घेतलं. मनुका घालून गव्हाची खीर केली. धिरड्यांची चळत उतरवली. ओट्याजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. दुपारी शेजारची सात-आठ रशियन माणसं जेवायला आली. पेले एकमेकांना न भिडवता सगळे मुकाट्याने पीत होते. फिरदौसच्या हाताला चव होती, असं एकाने म्हटलं. बाकीच्यांनी माना हलवल्या.

येफिम जेवत नव्हता. रडतही नव्हता. पुरलं त्या दिवशीही रडला नव्हता. फिरदौस मुसलमान तातार, म्हणून टेकडीवरच्या तातार दफनभूमीत तिला पुरलं. चौतीस वर्षांचा संसार होता. पण त्या दिवसाचं त्याला एवढंच आठवत होतं की बूट ओले झाले होते आणि ते कुणीतरी चुलीपाशी वाळत ठेवले.

बूट वाळत ठेवणारी क्लावाच होती. तेव्हाच ती त्याला म्हणाली होती, माणसाचा आत्मा चाळीस दिवस घरातच असतो. तिने धीर द्यायला म्हटलं. येफिमने ते जसंच्या तसं घेतलं. तो रोज सकाळी दोन कप काढू लागला. शेळी लंगडते हे त्याने फिरदौसला सांगितलं. कामा नदीच्या काठाला बर्फ धरू लागलाय, हेही सांगितलं. उत्तर येत नव्हतं. पण ती तशीही कमीच बोलायची.

आदल्या दिवशी क्लावाने फिरदौसच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं. चाळिसाव्याला कपडे घराबाहेर गेले पाहिजेत, असं ती म्हणाली. येफिम पाहत उभा राहिला. नको म्हणाला नाही.

"किती वाजता?" एवढंच त्याने विचारलं.

"किती वाजता काय?"

"ती जाणार ते."

क्लावा थोडा वेळ गाठ आवळत राहिली. मग म्हणाली, जेवणं झाली की.

जेवणं होत आली होती तेव्हा मिन्सिलू आली. ही फिरदौसची धाकटी बहीण, गावाच्या तातार आळीत राहणारी. सकाळी तिने आपल्या घरी मुल्लाला बोलावून पठण करवलं होतं. येफिम तिथेही भिंतीला टेकून बसला होता. त्याला एक शब्द कळला नव्हता. इथे सगळे शब्द कळत होते, तरी आत काही पोचत नव्हतं. मिन्सिलूच्या हातात शेवयांच्या रश्श्याचं पातेलं होतं. ते टेबलावर ठेवताना तिला फोटोपुढचा पेला दिसला.

"आयुष्यभर थेंबाला शिवली नाही ती. आता मेल्यावर पाजता होय, क्लावाताई?"

रीत आहे, क्लावा म्हणाली. रीत तुमची, पण माणूस आमचं, मिन्सिलू म्हणाली. टेबलाशी कुणाला तरी हसू आलं, त्याने ते खिरीच्या चमच्यात दडवलं. क्लावाने पेला हलवला नाही आणि मिन्सिलूनेही त्याला हात लावला नाही. त्या दोघींचं चौतीस वर्षं असंच चालत आलं होतं. मधे फिरदौस असायची.

मग क्लावा उठली, तशी सगळी माणसं उठून उभी राहिली. तिने बाहेरचं दार सताड उघडलं आणि गाठोडं उंबऱ्याशी नेऊन ठेवलं. नोव्हेंबरचा वारा थेट टेबलापर्यंत आला. क्लावाने छातीवर क्रूसाची खूण केली.

"जा, फिरदौस. आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाल." मग ती भावाकडे वळली. हलक्या आवाजात म्हणाली, निरोप दे तिला, अडवून धरू नकोस.

येफिम उभा होता. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर होते. काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं. तोंड उघडत नव्हतं.

"कुठे पाठवताय तिला?" मिन्सिलूने विचारलं.

आज चाळिसावा, क्लावा म्हणाली. ती आज जाते. तुमच्यातही चाळिसावा असतोच की.

"असतो. पण त्यानंतर आमच्यात एक्कावन्नावा करतात. आई गेली तेव्हा फिरदौसने तोवर तिची उशीसुद्धा हलवू दिली नव्हती." मिन्सिलूने ओढणीचं टोक नाकाला लावलं. "अजून अकरा दिवस आहेत, दाजी."

 क्लावा दाराची कडी धरून भावाकडे पाहत होती. येफिमने मान वर केली. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला.

"मग दार लाव, क्लावा," तो म्हणाला. "तिला थंडी सोसत नाही."