बॅकअप लिधा का?

"बॅकअप लिधा का, भाऊ?"

लॅपटॉपवर पुन्हा तोच मेसेज. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"लिधा रे बाबा, लिधा!" भूषण मोठ्याने म्हणाला. जणू मेसेज करणारा पिंप्राळ्यातल्या त्याच्या दोन खोल्यांत समोरच बसला होता.

त्याला दम निघत नव्हता. फोन पाच वर्षं जुना, कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलेला. आता त्यात कुणा पठ्ठ्याने घरी तयार केलेलं सॉफ्टवेअर घालायचं होतं, आणि तेही चक्क अहिराणी! बटणं अहिराणीत, सूचना अहिराणीत. हा पठ्ठ्या जुन्या फोनवाल्यांच्या एका ग्रुपवर 'केळीवाला' म्हणून वावरायचा. नाव-गाव कुणालाच ठाऊक नाही, पण कामाला एक नंबर. भूषणच्या मॉडेलसाठी तर त्याने मुद्दाम वेगळं बनवून दिलं होतं. ग्रुप सारिकाने शोधून दिला होता, म्हणून बायकोचंही कौतुक चाललं होतं.

डाळमिलच्या ऑफिसात आठवडाभर त्याची एकच टकळी. "बघाच तुम्ही, फोन आपल्या मायच्या बोलीत बोलेल!"

एवढं म्हणून तो घाईने पुढ्यातले कागद चाळायला लागायचा. कारण शिंदखेड्याची त्याची माय, भिकुबाई, तीन वर्षं त्याच्याशी बोलली नव्हती. ठरलेली सोयरीक मोडून त्याने मुक्ताईनगरच्या सारिकाशी कोर्टात लग्न केलं, त्या दिवसापासून अबोला. धाकटी बहीण दिपमाला, घरच्यांची दिपी, धुळ्याला कॉम्प्युटरचं शिकत होती. भावाला फोन करायचा नाही, अशी शपथ मायने तिलाही घातली होती. आठ महिन्यांपूर्वी मुक्ता झाली, तेही त्याने कळवलं नाही. कळवणार कुणाला?

मायच्या नावाने त्याच्याकडे उरल्या होत्या सतरा व्हॉइस नोट. सगळ्या लग्नाआधीच्या. शेवटची तर पाच सेकंदांची, जेवलास का एवढंच विचारणारी: "भूषण, जेवना का रे?" मिलच्या मागे डबा उघडला की आधी ती ऐकायची, मग घास. सारिकाला यातलं काही सांगितलं नव्हतं. आपल्यामुळेच हे झालं, असं मनाला लावून घेतलं असतं तिने.

"लॅपटॉपवर सगळं घेतलंस?" मुक्ताला मांडीवर थोपटत सारिकाने विचारलं.

"फोटो घेतले, नंबर घेतले, मिलची कागदं घेतली."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काय असणार?"

सारिका त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही. सहज विचारलं."

सतरा नोट त्याने फोनच्या मेमरी कार्डात ठेवल्या होत्या. लॅपटॉप सारिकाचा. चुकून तिने फोल्डर उघडलं तर काय सांगायचं?

केळीवाल्याने पायऱ्या लिहून दिल्या होत्या. आधी सिम काढ, कार्ड काढ. मग फोन पुसून कोरा कर. मग नवं घाल. पण उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! त्याने सिम काढलं, तेवढ्यात मुक्ताने केबल तोंडात घातली. ती सोडवताना ओढाताण, हसणं, एकच गोंधळ. तो पुन्हा फोनकडे वळला तेव्हा काय काय पुसायचं याची यादी समोर होती. त्याने धडाधड सगळ्या चौकोनांवर टिचक्या मारल्या.

"आता बघ गंमत!"

हिरवी पट्टी सरकत शेवटापर्यंत गेली. भूषणने खुशीत चहाचा कप उचलला, आणि त्याला टेबल दिसलं. टेबलावर सिम होतं. शेजारी कार्ड नव्हतं.

कार्ड फोनमध्येच होतं. तेही कोरं झालं होतं.

"काय झालं रे?"

"सारिका..." त्याने कप तसाच खाली ठेवला. "मायच्या नोट होत्या त्यात. सतरा. तुला बोललो नाही मी. रोज ऐकायचो. गेल्या सगळ्या."

तो लहान पोरासारखा रडला. अबोला सहन झाला होता, कारण खिशात आवाज होता. आता तोही स्वतःच्या हाताने पुसला. बाहेर शेजारच्यांच्या अंगणात झोका बांधायची गडबड चालली होती. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आठ दिवसांवर आलेला, लेकी माहेरी यायला लागल्या होत्या. त्या हसण्याने त्याला आणखीच भरून आलं.

सारिकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "फोन असा मेलेला ठेवू नकोस. नवं घाल."

"नको गं. आता काय करायचंय?"

"घाल म्हणते ना मी."

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. केळीवालाच होता. "भाऊ, आते चालू कर. आवाज फुल ठेव. घरमा बठ्ठासले ऐकू दे."

भूषणने डोळे पुसले आणि बटण दाबलं. पुन्हा पट्टी सरकू लागली. एवढं सगळं होऊनही त्याची नजर काही तिच्यावरून हटेना, हौशी माणसाची खोड! सत्तर झाले. नव्वद झाले. सारिकाही मुक्ताला घेऊन अगदी जवळ येऊन बसली.

स्क्रीन काळी झाली. मग तिच्यावर केळीचं हिरवंगार पान उमटलं.

"लागलं! सारिका, लागलं!"

फोनमधून बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी घसा खाकरला.

"भूषण, तुनी माय बोलस. दिपीनीच हाई बठ्ठं बनाडं, तिनीच सांगं, आठे बोल. आखाजीले सारिकाले, मुक्ताले संगे लई घर ये... आनी जेवना का रे?"