कानस मारलेला सायलेन्सर

"याच्यावर कानस कोणी मारली?" शलाका कडाडली. स्पर्धेतलं तिचं रिमोटवर उडणारं छोटं विमान वर चढता चढताच बंद पडलं होतं आणि शेजारच्या तुरीच्या शेतात जाऊन आदळलं होतं. नशीब, पंख शाबूत राहिले. पण सायलेन्सरचं भोक कुणीतरी चांगलं ऐसपैस करून ठेवलं होतं.

"मीच," अण्णा म्हणाले. "आवाज दबल्यासारखा वाटत होता गं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, आत धूर कोंडतो, त्याच्या दाबानंच टाकीतलं इंधन इंजिनात ढकललं जातं, हे मला तुम्हीच शिकवलंत ना? नुसत्या आवाजावर इंजिन लावणारा माणूस तुम्ही! कुणाला विचारून घासलंत?"

"काय म्हणालीस?" अण्णांनी डावा कान पुढे केला.

शलाकानं त्या कानाकडे पाहिलं. मग आणखीच भडकली. "कधीपासून ऐकू येत नाहीये? तोंड शिवलं होतं का सांगायला?" ओरडत ओरडतच तिनं पेटीतला दुसरा सायलेन्सर बसवला, इंजिन चालू केलं, विमानाचं नाक आभाळाकडे धरलं आणि अण्णांचा हात ओढून विमानाच्या थरथरत्या पोटावर घट्ट दाबला.

"आता सांगा!"

अण्णांनी डोळे मिटले. "इंधनाची सुई उघड. किंचित. अजून."

ती दातओठ खात सुई फिरवत राहिली.

"बस," अण्णा म्हणाले.

इंजिन नीट लागलंय, हे तिच्या कानांना क्षणभरानं कळलं.