बातमीचा सराव

“बूट राहू दे. चल, तुझी परीक्षा घ्यायची आहे.”

चिमणी पॉलिशचा ब्रश हातात धरून तशीच उभी राहिली. “आत्ता? मॅडम, परीक्षा सोमवारी आहे ना?”

“आत्ता.”

मॅडमना का म्हणून विचारायची कोणाची छाती नव्हती. चिमणीने टोपी उचलली आणि निमूट जीपमध्ये जाऊन बसली.

चिमणी हे नाव बॅचने ठेवलं होतं, आवाजावरून. मैदानावर ती भल्याभल्यांना घाम फोडायची, पण तोंड उघडलं की चिवचिव. तेही चालून गेलं असतं. घोडं अडलं होतं दुसरीकडेच. मृत्यूची बातमी घरी जाऊन कशी सांगायची, हा विषय मॅडम नव्या पोलिसांना शिकवायच्या आणि त्याच्या सरावात चिमणी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की बॅग भरायची. तिकडे आईने तर साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, लेक पोलीस झाली म्हणून.

मॅडमचे नियम साधे होते. माणसाला आधी बसवायचं. ‘सीरियस आहे’ म्हणायचं नाही, ‘लवकर चला’ म्हणायचं नाही. ‘वारला’ हा शब्द उच्चारायचा, तोही पहिल्या दोन वाक्यांत. “तुम्हाला जड जातं म्हणून त्यांना आशेला लावू नका,” त्या बजावायच्या.

खरं तर चिमणीला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. तिचे वडील गेले तेव्हा शेजारच्या काकांनी ‘जरा बरं नाही त्यांना’ एवढंच सांगितलं होतं, आणि ती हॉस्पिटलात वडिलांसाठी स्वेटर घेऊन गेली होती. तो शब्द ओठांवर आला की तिला ते स्वेटर आठवायचं आणि आवाज बसायचा. वर्ग हसला तेव्हा तिने हे सांगूनही टाकलं होतं. मॅडमनी ऐकून घेतलं. नापास मात्र केलं.

तशा त्या खडूसच. त्यांना मऊ झालेलं कोणी पाहिलं असेल तर सकाळी गेटवर. नवरा स्कूटरवरून सोडायला यायचा आणि जाताना कडक सॅल्यूट ठोकायचा, तोही डाव्या हाताने. मॅडम चक्क लाजायच्या. एकदा त्याने वर्गातला कुरकुरणारा पंखा जाता जाता दुरुस्त करून दिला होता, तेव्हापासून बॅच त्याला ‘मोठे साहेब’ म्हणायची.

आज जीप मॅडम स्वतःच चालवत होत्या. एका चौकात सिग्नल हिरवा झाला तरी गाडी जागची हलेना. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा कुठे त्यांनी गिअर टाकला.

“बातमी कोणाची आहे?” चिमणीने विचारलं.

“मुलगा. एकुलता एक. विजेच्या खांबावर काम करताना शॉक लागला. जागीच. ऐकणारी आई आहे.”

“नाव?”

“मुलगा म्हण. आईला तेवढं पुरतं.”

वरच्या बॅचने चिमणीला सावध करून ठेवलं होतं. परीक्षेला एक निवृत्त हवालदारीण आई होऊन बसते, एक नंबरची नाटकी. कधी चहाचं विचारते, कधी परीक्षकाशीच गप्पा मारत बसते. फसायचं नाही, आपलं काम करायचं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मॅडम दोन पायऱ्या खालीच थांबल्या. बेल चिमणीने वाजवली.

दार एका म्हातारीने उघडलं. हातात मटारची अर्धी सोललेली शेंग. तिची नजर चिमणीला ओलांडून थेट मागे गेली. “अगंबाई, आज लवकर? आणि ही कोण?”

झालं, हिचं सुरू झालं, चिमणी मनात म्हणाली. “आजी, मी पोलिसांकडून आलेय. आत बसू या का?”

म्हातारी पातेल्यापाशी जाऊन बसली. चिमणी टोपी काढून तिच्यासमोर जमिनीवरच टेकली.

“आजी, बातमी वाईट आहे. तुमचा मुलगा आज सकाळी कामावर विजेचा धक्का लागून वारला.”

शब्द बाहेर पडला होता. आवाज कापला, पण बसला नाही.

म्हातारी शेंगा सोलत राहिली. दाणे सालांच्या ढिगात पडत होते आणि सालं पातेल्यात. मग तिने दाराकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेर मॅडम उभ्या होत्या, मान खाली घालून. काय बाई आहे, चिमणीला वाटलं, हवालदारकीत उगाच जन्म घालवला, नाटकात जायला हवं होतं हिने.

“फार त्रास झाला का गं त्याला?”

“नाही, आजी. जागीच गेला.”

“जेवला होता?”

“ते मला माहीत नाही.” माहीत नसेल ते माहीत नाही म्हणायचं, हाही नियमच होता.

म्हातारीने तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. चिमणीने ‘रडू नका’ म्हटलं नाही, ‘शांत व्हा’ म्हटलं नाही. नुसती बसून राहिली. हळूहळू तिच्याच डोळ्यांना धार लागली. फार वाईट वाटत होतं तिला, या म्हातारीसाठी, स्वतःसाठी, त्या स्वेटरसाठी. परीक्षा चाललीय हे ती विसरूनच गेली.

“पास,” दारातून मॅडम म्हणाल्या. आवाज चिमणीपेक्षाही बारीक होता.

चिमणी तरी उठली नाही. शेवटचा नियम अजून राहिला होता.

“घरातलं कोणी येईपर्यंत मी तुम्हाला सोडून जाणार नाही, आजी. कोणाला बोलावू?”

“बोलवायचं कशाला?” म्हातारीने डोळे पुसले आणि दाराकडे हात पसरला. “ये गं सूनबाई, आत ये. किती वेळ बाहेर उभी राहशील?”