अंगठ्यापुरती सिस्टर

औषध यंत्र ठरवत असे आणि सुईही तेच टोचत असे. कायद्याला मात्र जबाबदार माणूस लागतो, म्हणून इस्पितळाने तळमजल्यावर हेमलता सिस्टरांना बसवलं होतं. त्यांनी पडद्यावर अंगठा टेकवला, की वर वॉर्डात सुई चाले. रोगी बघायचा नाही, असा नियमच होता; त्यात वेळ जातो म्हणे!

आज मात्र सिस्टरांचं मन धजेना. ज्यांना सुई टोचायची होती त्या सरूबाईंना, हे औषध पूर्वी कधी घेतलंय का, असं त्या वर जाऊन विचारून आल्या.

"अंगठा देणार नाही, साहेब. गावी असताना याच औषधाने त्यांचा गळा सुजून श्वास कोंडला होता."

व्यवस्थापक पाटणकर हसले. "यंत्राच्या नोंदीत नाही ते. म्हातारीचं काय ऐकता? अंगठे काय, पन्नास मिळतील!"

"मिळतील की. पण सुईची वेळ आत्ताची आहे. यंत्रावर एवढा भरवसा, तर तुम्हीच द्या. तुमचाही अंगठा चालतो यात."

पडदा उजळून वाट पाहत होता. ज्या यंत्राची साहेब रोज आरती ओवाळत, त्याच्यासमोर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"औषध बदला," ते पुटपुटले.