कुठल्या परवाची?

"काका, भीती कमी पडतेय," काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली. "जग बुडालंय. तुम्ही भविष्यातून आलायत. समोर तुम्हीच उभे आहात, पण तरुण. त्याला सांगायचंय, 'सगळं बदलून टाक!'"

काकांनी मान डोलावली. काळातून मागेपुढे जाण्याचा हा जुना सिनेमा पुन्हा लागणार होता. त्यातल्या तरुण नायकाला काकांनीच ऐन उमेदीत आवाज दिला होता. ती टेप अजून ठणठणीत होती. म्हाताऱ्या नायकाच्या टेपला मात्र बुरशी लागली होती. मधल्या काळात काका आयतेच म्हातारे झाल्यामुळे त्यांनाच बोलावलं होतं. जमलं नाही, तर दुपारी दुसरा कुणी येणार होता. काकू सोबत म्हणून आल्या होत्या आणि काचेपलीकडे मोजा विणत बसल्या होत्या.

"टेप जरा आधीपासून लावते. सूर सापडेल."

खरखर झाली. मग तरुण काका बोलू लागले. पण सिनेमातलं नाही, तेव्हा टेक सुरू व्हायच्या आधी मारलेल्या गप्पा.

"परवा आत्याच्या ओळखीतल्या एका मुलीला भेटलो रे. आता परवा आणखी एकीला भेटायचंय. पण मी आत्याला सांगून टाकलंय, लग्न करीन तर परवाचीशीच. हं, करा सुरू."

काकूंच्या सुया थांबल्या. त्यांनी बोलायचं बटण दाबलं.

"अहो, मी कुठल्या परवाची?"

"अगं... परवाचीच."

"मला भेटायला आलात तेव्हा तुमचा घसा बसला होता. ह्याच सिनेमात ओरडून ओरडून. म्हणजे मी नंतरची."

काकांनी मान हलवून कबूल केलं. आत्याने पुढच्या परवाचीच्या घरी होकार कळवला होता. घोळ लक्षात आला तोवर लग्नाची तारीखही ठरली होती, आणि आत्याला चूक दाखवायची घरात कुणाची छाती नव्हती.

"म्हणजे आपला संसार आत्याबाईंच्या गैरसमजावर उभा," काकू हळूच म्हणाल्या. त्यांनी विणकाम पिशवीत कोंबलं आणि त्या उठल्या.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगदी हीच भीती, काका!" दिग्दर्शिका आनंदाने ओरडली. "सोडू नका! टेक!"

लाल दिवा लागला. कानात तरुण काकांनी टाहो फोडला, "सांग, मी काय बदलू?"

काकांनी काचेकडे पाहिलं. काकू दारापाशी पोचल्या होत्या.

"काही बदलू नकोस, बाबा," ते म्हणाले. आवाज थरथरत होता. "आत्याला बरोबर कळलंय."

"कट! काका, ह्या सिनेमात आत्या नाहीये!"

काकू दारातून मागे फिरल्या. खुर्ची ओढून पुन्हा बसल्या.

"असती," त्या म्हणाल्या, "तर जग बुडालंच नसतं."