गाडी काढायची आहे

“आठ सिलिंडर म्हटलं की लोक पुढचं ऐकूनच घेत नाहीत,” दलाल बॉनेटवर बोटं वाजवत म्हणाला. “काढायची असेल तर याच महिन्यात काढा. नव्या वर्षात कर वाढला, की फुकट दिली तरी कोणी नेणार नाही.”

“तीन वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणाला होता, ठेवा, पुढे सोन्याचा भाव येईल.”

“येईल की! मोठी इंजिनं बनायची बंद झाली, की शौकीन लोक शोधत येतील. पण पुढे म्हणजे तीस वर्षांनी. मधल्या तीस वर्षांचं तुम्ही बघा.”

मुद्रितशोधकाचं डोकं फिरलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारा माणूस तो. दलालाच्या कार्डावरचं ‘विकने व घेने’सुद्धा त्याने पहिल्याच भेटीत लाल पेनाने दुरुस्त करून दिलं होतं. पण या गाडीपुढे त्याचं काही चालत नव्हतं. पाच लिटरचं इंजिन, होडीएवढी लांबी. सगळं अंगण तिने अडवलेलं आणि बायकोची विजेवरची छोटी गाडी बिचारी रस्त्यावर धूळ खात उभी. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं. त्या पाच मिनिटांत खिडक्या थरथरायच्या आणि शेजारीण धाडकन दार लावून घ्यायची. नुसता डोक्याला ताप!

कागदोपत्री गाडी त्याच्या नावावर होती. पण खरी मालकी वडिलांची. तीस वर्षं त्यांनी ती लेकीसारखी सांभाळलेली. ‘तुम्ही हो म्हटल्याशिवाय विकणार नाही,’ असा शब्द तो एकदा भावनेच्या भरात देऊन बसला होता. तेव्हापासून बसलाच होता.

“आतून तरी बघा,” दलालाने पुढचं दार उघडलं. “पाय लांब करून माणूस झोपेल इथे. एवढी ऐसपैस सीट आता कोण देतंय?”

“मग भाव का पाडताय?”

“सीटला कोण पैसे देतो, साहेब?”

“थांबा इथेच. आज सोक्षमोक्ष लावतो.”

वडील आत खिडकीपाशी बसले होते. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला तेव्हापासून जीभ जड झाली होती, आणि डावा पाय लाकडासारखा ताठ. दवाखान्यातून आणताना सुनेच्या गाडीत बसवायचा प्रयत्न केला, तर पाय आत जाईना, डोकं मात्र दाराला आपटलं. शेवटी रुग्णवाहिकेतून घरी आणलं. त्यानंतर काठी टेकत घरातल्या घरात फिरायचे, तेवढंच. कुठे जायचंय का विचारलं, की नकारार्थी मान हलायची.

“अण्णा, दलाल आलाय.” त्याने खुर्ची पुढे ओढली. “आणखी थांबलो तर भंगाराचा भाव येईल.”

“नाही.”

“अहो, पण का नाही?”

“नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. आत्या! मुद्रितशोधकाने मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि फोन स्पीकरवर टाकला.

“नव्वद पूर्ण झाली रे आज मला!” आत्या नेहमीसारखी ओरडूनच बोलत होती. “पोरांनी मोठा केक आणलाय, दात कोण आणणार? ते जाऊ दे. तू कसा आहेस? किती दिवसांत बघितलं नाही तुला.”

“ताई,” वडील म्हणाले. पुढे शब्द फुटेना. आत्याच बोलत राहिली. गुडघे, सुना, मोतीबिंदू, सगळं झालं. बाहेर दलालाने दोनदा हॉर्न वाजवला. मुद्रितशोधकाची नुसती चुळबुळ चालली होती. एकदाचा फोन संपला.

“अण्णा, ऐका माझं.” आता त्याचा आवाज चढला. “ती गाडी नुसती उभी आहे. उभ्या उभ्या सडतेय. आहे का कोणाच्या उपयोगाची? सांगा ना!”

वडिलांनी बंद झालेल्या फोनकडे बघितलं. डोळे भरून आले होते. मग जड जिभेने एकेक अक्षर जुळवत ते म्हणाले, “काढ.”

“काय?”

“गाडी... काढ.”

“नक्की? आज?”

“आत्ता.” आणि चक्क हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मुद्रितशोधकाच्या जिवात जीव आला. मनावरचं ओझं उतरलं असेल बिचाऱ्यांच्या, त्याला वाटलं. पण म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं, घटकेत मन फिरायचं! तो धावतच बाहेर गेला. दलालाने ऐन वेळी भाव आणखी पाडला. एरवी त्याने वाद घातला असता, पण आज मुकाट सह्या केल्या आणि किल्ली देऊन टाकली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. खिडक्या थरथरल्या. शेजारणीचं दार आपटलं. तो लांबलचक सांगाडा फाटकातून बाहेर पडला, वळला आणि दिसेनासा झाला.

त्याने लगेच बायकोला फोन लावला. “सुटलो! संध्याकाळी तुझी गाडी अंगणात लाव.”

“अण्णा खरंच हो म्हणाले?”

“स्वतःच्या तोंडाने. एकदा नाही, दोनदा!”

अंगणात तेलाचा एक काळा डाग तेवढा उरला होता. उद्या घासून काढू, असं म्हणत तो शीळ घालत घराकडे वळला.

वडील दारातल्या खुर्चीवर येऊन बसले होते. केस ओले करून विंचरलेले. अंगात इस्त्रीचा सदरा, एका हाताने लावल्यामुळे बटणं वरखाली झालेली. उजव्या पायात बूट होता. डावा मांडीवर.

“आवाज... ऐकला,” वडील म्हणाले, आणि मांडीवरचा बूट त्यांनी त्याच्यापुढे धरला. “एवढा... घाल. ताई... वाट बघते.”